साखरेची नाकेबंदी

४ नोव्हेंबर

आज शत्रू डोळ्यांनी पाहिला.

डॉक्टरबाईंनी पडद्यावर माझ्या धाकट्या भावाचं शरीर उभं केलं. राखाडी, धुरकट, वीज गेलेल्या घरासारखं. आणि त्या अंधाऱ्या घरात यकृताच्या जागी पाचसहा दिवे ढणढणा जळत होते.

"तपासणीआधी यांच्या शिरेतून साखरेसारखा एक पदार्थ सोडला होता," बाई म्हणाल्या. "तो जाईल तिथे उजेड दिसतो. जिथे साखर जास्त खाल्ली जाते तिथे उजेड जास्त. मेंदू खातो, ते ठीक आहे. पण या गाठी बघा. शेजारच्या चांगल्या पेशींच्या कितीतरी पट खातायत."

धाकट्याने मान पुढे काढून पाहिलं. उभा जन्म त्याने बेकरी चालवली. पाव, केक, बिस्किटं, यापलीकडे त्याला जग नाही. "म्हणजे माझंच गिऱ्हाईक," तो म्हणाला. "तरीच म्हणतो, एवढा माल जातो कुठे."

बाई ओठातल्या ओठात हसल्या. वहिनी हसली नाही. तिने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळून बोट पांढरंफटक केलं होतं.

आतड्यातला रोग यकृतात उतरलाय. दोन प्रकारची औषधं झाली, दोन्ही वाया गेली. जानेवारीत याच रुग्णालयात एका नव्या औषधाची चाचणी सुरू होणार आहे. पेशीत शिरलेली साखर पहिल्याच पायरीवर अडवायची, गाठीला ती वापरूच द्यायची नाही, असं ते औषध. धाकट्याला त्यात घ्यायचा प्रयत्न करू म्हणाल्या. "खात्री देत नाही. पण दार उघडं आहे. तोपर्यंत यांना जपा. खाऊपिऊ घाला, अंगात ताकद राहू द्या."

शेवटचं वाक्य डॉक्टर लोक सगळ्यांनाच म्हणतात. निघालेल्या माणसाला आपण 'सावकाश जा' म्हणतो तसं.

७ नोव्हेंबर

तीन दिवस फक्त वाचतेय. आयुष्य इतिहास शिकवण्यात आणि कामगारांच्या सभा गाजवण्यात गेलं. पेशींच्या वाटेला कधी गेले नव्हते. पण पुस्तक कुठलंही असो, त्यात माणूस काय लपवतोय हे शोधायची सवय आहे मला.

आणि सापडलं! शंभर वर्षांपूर्वीच हे माहीत झालं होतं. चांगली पेशी साखर नीट, शेवटपर्यंत जाळते. रोगट पेशी भोवती भरपूर हवा असतानाही अर्धवट जाळते आणि उरलेलं फेकून देते. उधळ्या माणसाला जास्त लागतं, तसं तिला जास्त साखर लागते. शंभर वर्षं! आणि अजून औषधाची वाट बघायची म्हणे. किल्ल्याच्या आतली विहीर बुजवायला तुम्ही जानेवारीत माणूस पाठवणार असाल तर बाहेरून येणारे बैल आज का अडवत नाही? रसद तोडायला कुणाची परवानगी लागते?

हे सगळं मी जेवणाच्या टेबलाशी उभी राहून बोलले. बसून मला बोलता येत नाही.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "एकदा डॉक्टरांना विचारून घेऊ या का?"

"डॉक्टरांना विचारून जगात कुठली लढाई सुरू झालीय?"

"लढाईचं नाही म्हणत मी. जेवणाचं म्हणतेय."

धाकटा पावाचा तुकडा हातात धरून दोघींकडे आळीपाळीने बघत होता. लहानपणापासून तो मला 'तोफ' म्हणतो. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. कडू काढे मीच पाजले त्याला. नाक दाबून प्यायचा, पण एकदाही थुंकला नाही. आज त्याने तो तुकडा बशीत ठेवला.

"तोफेने वाचलंय म्हणजे बरोबरच असणार," तो म्हणाला. "बंद तर बंद."

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता.

१० नोव्हेंबर

मी माझं घर बंद करून इथे राहायला आले. खाली बेकरी, वर हे तीन खोल्यांचं घर. भट्टीची ऊब जिन्याने वर येते आणि पहाटेपासून पावाचा वास.

नाकेबंदी सुरू झाली. साखर, मध, गूळ, भात, पाव, बटाटा, सगळी फळं, दूधसुद्धा. बरण्या मी स्वतः रिकाम्या केल्या. आता उकडलेल्या पालेभाज्या, अंड्याचा पांढरा बलक, पातळ सार, मूठभर बदाम. चहा कोरा. पहिला घोट घेऊन धाकटा म्हणाला, "ताई, हा चहा आहे की शिक्षा?"

"औषध आहे."

"मग नाक दाबून पितो."

खाली तो रोज जातो. भट्टी कारागीर सांभाळतो, याचं काम तागडी. दुकान उघडलं की पहिल्यांदा तो लोखंडी वजनं फडक्याने पुसतो, एकमेकांशी ताडून पाहतो. शहरात सगळीकडे आकडे दाखवणारे काटे आले, याने जुनी तागडी सोडली नाही. "काट्याला काय, तो दाखवेल तो आकडा. तागडी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर हलते," म्हणतो. आयुष्यात कुणाला तोळाभर कमी दिलं नसेल या माणसाने.

१७ नोव्हेंबर

पट्ट्याला नवं भोक पाडलं त्याने. खिळा तापवून, मजेत, शीळ घालत. मला आनंद झाला, खोटं कशाला लिहू. काहीतरी हलतंय. वेढा पडला की आसपासचा मुलूखही सुकतो. इतिहासात प्रत्येक वेढ्यात हेच झालंय. महत्त्वाचं एवढंच की आधी किल्ला पडला पाहिजे.

२४ नोव्हेंबर

आज मोठं भांडण झालं.

दुपारी मी खाली गेले तर भट्टीमागे, पिठाच्या पोत्यांच्या आडोशाला, धाकटा उपड्या डब्यावर बसलेला आणि वहिनी त्याला चमच्याने भरवतेय. दुधात कुस्करलेला पाव. वर साखर. दाणे दिसत होते मला.

मी वाटी हिसकली आणि मोरीत ओतली.

"वन्सं!" वहिनी ओरडली. पंधरा वर्षांत तिचा हा आवाज मी ऐकला नव्हता. "माझा नवरा आहे तो! तुमची सभा नाही!"

"नवरा आहे म्हणूनच सांगतेय. त्या वाटीतला प्रत्येक दाणा कुणाच्या पोटात गेला असता माहितीय तुला?"

"यांच्या! यांच्या पोटात गेला असता! काल आंघोळीला बसले तर पाठीचे मणके दिसत होते. तुम्ही बघितलेत? नाही, तुम्ही पुस्तकात बघा."

"तिला बोलू नकोस," धाकटा म्हणाला. कुणाला म्हणाला ते दोघींनाही कळलं नाही. मग उठला, डब्याला धरून. "मीच मागितलं होतं, ताई. वास येतो ना दिवसभर. चुकलो."

वर येऊन मी बराच वेळ खिडकीशी उभी होते. समोरच्या इमारतीत एक बाई गाद्या उन्हात घालत होती. मला वाटलं, मी चूक असेन तर? अगदी याच शब्दांत वाटलं, म्हणून लिहून ठेवते. मग पुन्हा सगळे मुद्दे मनात मांडले. एकही ढिला निघाला नाही.

१ डिसेंबर

वाचनालयाचे चिटणीस आले होते. महिनाअखेरीच्या व्याख्यानाचे पाहुणे आजारी पडलेत, तुम्ही बोलाल का? विषय मी जागच्या जागी दिला. 'कर्करोगाची उपासमार'. ते म्हणाले, ताई, या विषयाला सभागृह पुरणार नाही. प्रत्येक घरात कुणीतरी आहे.

धाकट्याला सांगितलं तर म्हणाला, "पहिल्या रांगेत बसेन. शिट्टी वाजवू का?"

९ डिसेंबर

रुग्णालयातून आहार सांगणाऱ्या मुलीचा फोन आला. कोवळा आवाज. काय खातात, भूक कशी आहे, वजन किती. मीच बोलले. सगळं उत्तम चाललंय म्हटलं, आहारावर माझं स्वतःचं लक्ष आहे. वजन? आले की बघालच. तिला थक्क करायचा माझा विचार आहे. जानेवारीत पुन्हा तीच तपासणी होईल, पडद्यावर दिवे मंद झालेले असतील आणि बाई विचारतील, काय केलंत तुम्ही?

आज तो जिन्यात बसला. पडला नाही, बसला. 'जरा हवा खातोय' म्हणाला. जिन्यात हवा नाही.

१३ डिसेंबर

एका पुस्तकात एक वाक्य आलं. बाहेरून साखर मिळेनाशी झाली की यकृत ती स्वतः तयार करतं, अंगातलं मांस वितळवून, कारण रक्तातली साखर शरीर सहसा फार खाली जाऊ देत नाही.

हे वाक्य मी दोनदा वाचलं. मग पान उलटलं. तो सगळा भाग दुष्काळात सापडलेल्या माणसांबद्दल आहे. आमच्या घरी कोठार भरलेलं आहे, आम्ही विचारपूर्वक उपाशी आहोत. फरक आहे.

आहे ना?

२९ डिसेंबर

सभागृह ओसंडत होतं. लोक पायऱ्यांवर बसले होते. बऱ्याच दिवसांनी माझा आवाज मला स्वतःला ऐकू आला.

किल्ला, विहीर, रसद, सगळं मांडलं. पडद्यावरचे दिवे सांगितले तेव्हा पायऱ्यांवरचे लोक पुढे सरकले. म्हटलं, आपण आपल्याच ताटातून मारेकऱ्याला जेवू घालतोय. म्हटलं, वाट कुणाची बघता? शेवटी राहवलं नाही, पहिल्या रांगेकडे हात करून म्हटलं, हा माझा भाऊ. बेकरीवाला! साखरेच्या पोत्यांवर वाढलेला माणूस, आणि गेले कित्येक आठवडे साखरेचा कण त्याच्या जिभेला लागलेला नाही. ऊठ रे!

तो उठला. पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. त्याचा गरम कोट खांद्यांवरून असा लोंबत होता की खुंटीला टांगलाय असं वाटावं. टाळ्यांचा कडकडाट झाला. बसायला त्याला वहिनीने मदत केली.

नंतर लोकांनी मला घेरलं. एक बाई हात सोडेना. तिच्या नवऱ्याला हाच आजार आहे, स्वादुपिंडाचा. "काय काय बंद करू ते सांगा," म्हणाली. मी सगळं सांगितलं.

घरी येताना गाडीत धाकटा डोळे मिटून म्हणाला, "तोफ अजून चालते हं." वहिनी खिडकीबाहेर बघत होती. बाहेर धुकं होतं, बघण्यासारखं काही नव्हतं.

४ जानेवारी

चाचणीच्या विभागातून फोन आला. धाकट्यानेच घेतला. बराच वेळ नुसतं 'हो, हो' चाललं होतं, मग म्हणाला, "दहावा हिस्सा म्हणजे... बरं. बरं, कळलं."

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"चौदा तारखेला या म्हणाले. उपाशीपोटी."

"आणि दहावा हिस्सा कसला?"

"कागदपत्रांचं काहीतरी. तू नको डोकं घालूस, तुझं डोकं मोठ्या कामाला ठेव."

तासाभराने मी खाली गेले. पोती तोलायच्या मोठ्या काट्यावर तो उभा होता. एकटाच. मला बघून उतरला.

"काय करतोस?"

"पोतं कमी भरतंय," तो म्हणाला आणि हसला. मीही हसले. विनोद आवडला मला.

६ जानेवारी

जेवताना एकदम म्हणाला, "ताई, आता आठवडाभर मी थोडं खाल्लं तर? पाव, लोणी, असंच. तपासणीआधी जरा अंगात..."

"आता? दारात येऊन? दोन महिने वेढा घालायचा आणि तह व्हायच्या आधल्या दिवशी स्वतःच धान्याच्या गाड्या आत सोडायच्या?"

माझ्याकडे युक्तिवाद आणखीही होते. पण तो "बरं" म्हणाला. एवढंच. मला वाटलं होतं थोडा तरी वाद घालेल. तयारीत होते मी.

वहिनी ताटावरून उठून गेली.

१४ जानेवारी

जसं घडलं तसं लिहिते.

रुग्णालयात गेलो. धाकट्याने आतून लोकरी बनियन, त्यावर सदरा, त्यावर बेकरीतला जाड एप्रन दुमडून पोटाला बांधलेला, वर कोट. थंडी वाजते म्हणाला. चालताना पाय ओढत होता. परिचारिकेने कोट काढायला सांगितला, काढला. एप्रन काढा म्हणाली तेव्हा म्हणाला, "सिस्टर, बेकरीवाला आहे. कातडी आहे ही माझी." ती हसली आणि राहू दिला.

तो वजनकाट्यावर चढला. आकडा आला. परिचारिकेने कागदावर पाहिलं, मान डोलावली. ठीक आहे म्हणाली. त्याच्या चेहऱ्यावर मी असं समाधान बघितलं की मलाही बरं वाटलं, कशाचं ते कळायच्या आधीच.

मग तो उतरला. उतरताना गाठ सुटली.

पहिलं दोन किलोचं वजन फरशीवर पडलं. आवाज असा झाला की बाहेरच्या बाकावरची माणसं डोकावली. मग दुसरं. मग छोटी छोटी, अर्ध्या-पाव किलोची, एकेक करत, आणि ती गोल असल्यामुळे टेबलाखाली, दाराकडे, सगळीकडे घरंगळत गेली. दुकानातली सगळी वजनं. रोज फडक्याने पुसतो ती.

धाकटा खाली वाकून ती गोळा करू लागला आणि वाकलेला त्याला उठता येईना.

डॉक्टरबाई आल्या. त्याला खुर्चीत बसवून पुन्हा वजन घेतलं, खुर्चीसकट, मग खुर्ची वजा करून. गेल्या तीन महिन्यांत दहाव्या हिश्शाहून जास्त वजन गेलेला माणूस या चाचणीत घेता येत नाही, त्या म्हणाल्या. औषध कडक आहे, असं शरीर ते सोसत नाही. याचं गेलं होतं जवळजवळ पाचवा हिस्सा.

"रोगाने एवढं वजन इतक्या लवकर जायला नको होतं," त्या म्हणाल्या. "जेवत नव्हते का?"

मी सांगितलं. सगळं, मुद्देसूद, उभी राहून. त्यांनी मधे तोडलं नाही. शेवटी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"गाठ एक दिवससुद्धा उपाशी राहिलेली नाही," त्या म्हणाल्या. "तोंडातून साखर बंद केलीत, शरीराने ती मांसातून काढली आणि गाठीने पहिला घास घेतला. उपाशी हे राहिले. आमचं औषध पेशीच्या आत काम करणार होतं, ताटात नाही."

"महिना द्या. वजन भरून काढते."

"भरलं तर या," त्या म्हणाल्या. पण सभा हातातून गेलेला वक्ता कसा बोलतो ते मला माहीत आहे. तसा आवाज होता.

व्हरांड्यात मी धाकट्याला बोलले. मला आवरलं नाही. "आयुष्यात कुणाला काटा मारला नाहीस, आणि आज? डॉक्टरांच्या काट्याला फसवायला निघालास? औषध सोसलं नसतं म्हणजे? मेला असतास!"

"चुकलो, ताई," तो म्हणाला.

वहिनीच्या दोन्ही हातांत वजनं होती. ती तशीच उभी होती, तागडीसारखी. माझ्याकडे बघत होती.

१८ जानेवारी

मी केक आणला. लोण्याचा, वर साखरेचा थर. दोन घास खाल्ले आणि उलटी झाली. सार, खिमट, दूध, मध घातलेलं दूध. आत काही राहत नाही.

"कारागिराला सांग, लोणी कमी पडलंय," म्हणाला. बेकरीवाला उलटी करतानासुद्धा बेकरीवालाच.

३ फेब्रुवारी

चाचणीतल्या जागा भरल्या. फोनवर सांगितलं. नम्रपणे.

धाकटा आता खाटेवरून उठत नाही. वहिनी आणि मी स्वयंपाकघरात होतो. ती भांडी पुसत होती. पाठमोरीच बोलली.

"चार तारखेच्या त्या फोनवर त्यांना वजनाचं सांगितलं होतं. मला त्यांनी त्याच दिवशी सांगितलं."

"मग मला का नाही सांगितलंत? दहा दिवस होते! मी स्वतः खाऊ घातलं असतं!"

"मीही तेच म्हटलं. वन्संना सांगते, म्हटलं, आत्ता जाऊन सांगते. तर माझा हात धरला. म्हणाले, दहा दिवसांत एवढं भरत नाही, मी पोत्याच्या काट्यावर बघून आलोय. वजन भरणार नाही, आणि ताईला मात्र कळेल."

"काय कळेल?"

वहिनीने भांडं फळीवर ठेवलं, पालथं, नीट ओळीत. फडकं पिळून वाळत घातलं आणि आत गेली.

मी तिथेच बसले. काय कळेल, हे वाक्य मी उलटसुलट करून पाहतेय. त्याला औषध हवं होतं, म्हणून त्याने वजनं बांधली. सरळ आहे. दुसरा काही अर्थ मला लावायचा नाही.

११ फेब्रुवारी

एका वजनाच्या कडेचा टवका उडालाय. धाकट्याने मागून घेतलं, हाताने चाचपलं. "हे आता दुकानात वापरू नका," म्हणाला. "गिऱ्हाइकाला कमी जाईल... नाही, जास्त... बघ, हेही आता सुचत नाही." बराच वेळ विचार करत होता. मग त्याला झोप लागली. वजन त्याच्या उशाशीच ठेवलंय.

२० फेब्रुवारी

वाचनालयाने फोनवर कळवलं की लोकांच्या आग्रहाने ते व्याख्यान पुन्हा ठेवायचंय. मी नाही म्हटलं. कारण विचारलं. माझा गळा बसलाय, मी म्हटलं.

२३ फेब्रुवारी

आज सकाळी दार वाजलं. त्या दिवशी सभागृहात माझा हात न सोडणारी बाई. मागे तिचा नवरा, जिन्याच्या कठड्याला धरून. त्याचा सदरा मी ओळखला. म्हणजे सदरा नाही, तो अंगावर लोंबत होता ते ओळखलं.

"तुम्ही सांगितलंत तसं सगळं बंद केलंय," बाई म्हणाली. चेहरा उजळलेला. "एक दिवस चुकवला नाही. हे कुरकुरतात, पण मी ऐकत नाही. म्हटलं ताईंना एकदा दाखवून यावं. बघा, किती हलके झालेत!"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. धाकटा जागा होता, मला माहीत होतं, मघाशीच पाणी दिलं होतं.

सांगायचं तर मोठ्याने सांगावं लागणार होतं. मला हळू बोलता येत नाही, कधीच आलं नाही, आणि भिंती पातळ आहेत. बोलले तर तो ऐकणार. जे मला कळू नये म्हणून त्याने पोटाला लोखंड बांधलं ते मी माझ्या तोंडाने त्याच्या खोलीत फेकणार. गप्प बसले तर हा समोरचा माणूस जिना उतरून जाणार, आणखी हलका व्हायला. मी वहिनीकडे पाहिलं. तिने मला वाचवलं नाही. बरोबरच केलं.

"बसा," मी म्हटलं. मग उभ्या उभ्याच म्हटलं, "मी चुकीचं सांगितलं होतं. साखर बंद करून गाठ मरत नाही. माणूस झिजतो. मी माझ्या भावाला उपाशी ठेवलं. त्याला औषध मिळणार होतं, ते माझ्यामुळे गेलं. यांना आजपासून जेवू घाला, आणि आजच डॉक्टरांकडे न्या, इतके दिवस उपाशी होते म्हणून सांगा."

बाईचा चेहरा विझत गेला. मी बघत राहिले. सभा सोडून पळायचं नसतं.

"पण तुम्ही तर त्या दिवशी..." ती म्हणाली.

"हो. त्या दिवशी मी फार चांगलं बोलले."

मग आतून धाकट्याचा आवाज आला, खरखरीत, पण पोचला.

"वहिनीला सांग, लोणी हात आखडून लावू नको म्हणावं." बायकोला त्याने कधीच 'वहिनी' म्हटलं नव्हतं. माझ्या तोंडचा शब्द उचलला होता.

वहिनीने पाव कापला. त्या माणसाने पहिला तुकडा हातात घेऊन बायकोकडे पाहिलं. ती रडत होती, तिला हो म्हणता येईना. त्याने खाल्ला. मग दुसरा. मी त्याच्या जबड्याकडे बघत उभी राहिले.

ते गेल्यावर मी आत गेले. धाकट्याने डोळे मिटले होते, पण झोपलेल्या माणसाचे मिटतात तसे नाही.

"गेली गिऱ्हाइकं?"

"खाऊन गेली."

"तोलून दिलंस?"

"नाही."

"दुकान बुडवशील," तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला. हात मात्र मागे, माझ्या हातात राहू दिला. तळहातावर ठेवलेल्या त्या हाताला वजन असं काही नव्हतं.